पिस्टन परत येत नाही

जुलैमधल्या एका सोमवारी परित्यक्त खाणक्षेत्र निगराणी कक्षाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या माउंटन बाईकचा डावा पिस्टन कामावर गेला आणि परत आला नाही. ही बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात आली नाही. यायला हवी होती. पुढे जो गोंधळ झाला त्याची सुरुवात इथे झाली, आणि नंतर चौकशी बसली तेव्हा मंडळी ती भलतीकडेच शोधत बसली.

पिस्टन ही काही फार मोठी असामी नव्हे. कोटाच्या बटणाएवढा एक तुकडा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक पोलादी चकती फिरते आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक पिस्टन दबा धरून असतो. हँडलवरची लिव्हर दाबली की नळीतलं तेल दोघांना ढकलतं, दोघे पुढे सरकून चकतीला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. लिव्हर सोडली की दोघांनी मुकाट्याने आपापल्या जागी परतायचं. एवढीच नोकरी. पण खाणीवरचा लाल चिखल अंगावर सुकला की पिस्टनला आळस चढतो. उजवा बिचारा जातो-येतो, डावा एकदा दौऱ्यावर निघाला की तिकडेच मुक्काम ठोकतो. सरकारी कचेरीत ज्यांनी चार दिवस काढलेत त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

ही बाईक सायली गवसच्या ताब्यात होती. सायली म्हणजे सुर्ल्याच्या पलीकडल्या खालच्या वाडीतली, कक्षाची कंत्राटी गस्त सहाय्यक. खाणी बंद पडल्या, खंदक पाण्याने भरले, तेव्हा त्या पाण्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी असं वर कुठेतरी ठरलं. नजर ठेवायला माणूस लागतो हे कक्षाला मान्य होतं. पण माणूस खरंच गेला याची खात्री काय? म्हणून सहा जणांना सहा बाईक दिल्या आणि बाईकच्या दांड्यात ट्रॅकर बसवला. बाईक फिरली म्हणजे गस्त झाली. हळूहळू माणसाचा विषय मागे पडला.

सायलीच्या वाट्याला आलेला खंदक वाडीच्या डोक्यावर होता. पाणी अडवायला मातीचा बांध, बांधाच्या खाली वाडीचा मळा, मळ्यात गवसांचं शेत, आणि त्या शेतात सकाळपासून वाकलेली सायलीची आई मालती. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. ते पहिल्यापासूनच झिरपत असे, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण गेल्या आठवड्यापासून ते लाल झिरपायला लागलं होतं. स्वच्छ पाणी आलं तर बांधाला घाम फुटलाय म्हणायचं. लाल आलं तर आतून मातीच वाहून चाललीय. हे खालच्या वाडीत शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. बांध फुटायच्या आत कुणीतरी येऊन ती गळती बुजवायला हवी होती, आणि त्यासाठी कक्षाला कळायला हवं होतं, आणि कक्षाला कळण्यासाठी बाईक फिरायला हवी होती, आणि बाईकचा डावा पिस्टन चाकाला धरून बसला होता.

ती बसने डिचोलीला गेली. कक्षाचे प्रमुख योगेश सर हे भले गृहस्थ. आल्यागेल्याला बसायला कदेल देत, चहा विचारत, जनेलातून बाहेरचा रस्ता बघत सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, ब्रेक लागतो का?

"लागतो सर. लागला की सुटत नाही."

"लागता मगो! मग नादुरुस्त कसो?" सर प्रेमळपणे म्हणाले. "सायलीबाय, नियमात ब्रेकचा बिघाड म्हणजे ब्रेक न लागणं. तुमचा चोवीस तास लागतोय. बाकीच्या पाच बाईकचे ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाहीत, तुमचा न दाबता लागतो. ह्याला बिघाड म्हणू मी कुठल्या तोंडाने?"

सायलीने बाईकचा विषय सोडला आणि मोबाईलवर काढलेला गळतीचा फोटो पुढे धरला. सरांनी तो मोठा करून पाहिला, लाल रंग छान आल्याचं सांगितलं आणि तिथे कशी गेलात ते विचारलं. चालत, म्हणाली ती. सरांचा चेहरा पडला. चालत गेलेलं माणूस ट्रॅकरवर दिसत नाही. ट्रॅकरवर दिसत नाही ते गेलेलं नसतं. आणि न गेलेल्या माणसाने काढलेला फोटो कक्षाने पाहणं हे सरळ सरळ त्या माणसाच्या खाजगी आयुष्यात डोकावणं झालं. त्यांनी मोबाईल परत दिला. बाईकवरून जा, तोच फोटो काढा, मग बघा मी कसा हलतो ते, असं म्हणून त्यांनी तिला जिन्यापर्यंत सोडलं. जाताना एवढं मात्र सांगितलं की बाईकला हात लावायचा नाही. सरकारी मालमत्ता. धुतलीत तरी छेडछाड.

आता सरकारी मालमत्तेला हात लावायचा नाही हे सायलीला सांगितलं होतं. तिच्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं.

भिकाजी गवस मूळचा दोडामार्गाकडचा. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून आला, नंतर स्वतःचा ट्रक केला, इथेच घर केलं. खाण थांबली तसा ट्रकही थांबला. खालच्या वाडीत असे बरेच ट्रक घरोघरी ताडपत्री पांघरून उभे होते, आणि प्रत्येक घराच्या फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी ब्रेक ऑईलचा अर्धा डबा होता. ट्रकाच्या क्लचात घालायचं ते ऑईल. ट्रक चालत नव्हता तरी डबा कुणी टाकून दिला नव्हता. आपण अजून ड्रायव्हर आहोत याचा तेवढाच काय तो पुरावा घरात उरला होता.

सायलीने तोंड वाकडं करून बाईक मांडवात टेकवली तेव्हा भिकाजी आणि शेजारचा शंभू तिथे विडी ओढत बसले होते. दोघांनी ब्रेक पाहिला. दोघांच्या अंगात एकदम जुनं बळ आलं. वाडीतले आणखी दोघे-तिघे ड्रायव्हर जमले, प्रत्येकाने लिव्हर दाबून पाहिली, आणि हिचं तेल सुकलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. खाण थांबल्यापासून या मंडळींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट असावी. लिव्हरवर बारीक इंग्रजी अक्षरांत फक्त मिनरल ऑईल घाला असं लिहिलं होतं, ते सायलीने वाचून दाखवलं. हे दुसरं तेल आहे, याने आतलं रबर फुगतं, असंही कुठेतरी वाचलंय, म्हणाली.

"अगो, ब्रेक म्हणजे ब्रेक," भिकाजीने डबा उघडला. "ट्रकाक काय नि सायकलीक काय. तेल पोटात गेला की तो आपला काम करता. इतकी वर्सां मी काय बैलगाडी हाकलंय?"

शंभूने जास्तीची माहिती पुरवली की ती अक्षरं थंड देशातल्या लोकांसाठी असतात. मग पुढच्या ब्रेकात तेल गेलं. उरलं ते वाया कशाला घालवायचं म्हणून मागच्यातही गेलं. लिव्हर दगडासारखी टणक झाली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. चार दिवसांत आतल्या रबरी कड्या भिजल्या भातासारख्या फुगल्या आणि चारी पिस्टन बाहेर येऊन कायमचे बसले. आधी एकटा डावा संपावर होता, आता युनियन झाली. बाईक ढकलूनही हलेना. मालतीने शेतातून येता येता ते पाहिलं आणि नवऱ्याला एवढंच विचारलं की घरात आणखी काही चालू राहिलं असेल तर त्यातही थोडं घालणार का.

सायली रडकुंडीला आली. शेवटी वैतागून तिने बाईक खांद्यावर घेतली आणि त्या वजनाखाली वाकत, शिव्या घालत बांधापर्यंत चालत गेली. आणि काय आश्चर्य! मोबाईल वाजला. ट्रॅकर हलला होता. गस्त सुरू झाल्याची नोंद पडली. बाईक माणसाला नेते की माणूस बाईकला, हे ट्रॅकरला कळण्याचं काही कारण नव्हतं. तिने तिथे गळतीचा फोटो काढला, पाठवला, तो स्वीकारला गेला. खाली एकच शेरा होता: वेग असमाधानकारक.

वेग वाढवायचा तर बाईक खांद्यावरून दुसऱ्या कशावर तरी ठेवायला हवी होती. भिकाजीने अंगणाकडे पाहिलं. अंगणात ट्रक होता.

त्या दिवशी खालच्या वाडीत जे झालं ते सांगतो, पण हसू नका. ताडपत्री निघाली. बॅटरी शंभूच्या मेव्हण्याकडून आली. बोनेटला अबोलीची माळ, चाकाखाली लिंबू, पुढ्यात नारळ. इंजिन तीनदा खोकलं आणि चौथ्यांदा लागलं, तेव्हा पन्नाशी उलटलेला भिकाजी स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून त्याने दहा टन खनिज वाहणाऱ्या त्या ट्रकाच्या मागच्या रिकाम्या पेटीत मधोमध ती एक सायकल दोरीने बांधली आणि तो गस्तीला निघाला.

वेग उत्तम आला. कक्षात आनंदीआनंद झाला. तिसऱ्या क्रमांकाच्या बाईकने आठवड्यात बाकीच्या पाचांपेक्षा जास्त अंतर कापलं होतं, तेही चढाला न दमता. त्यातून किती पेट्रोल वाचलं, हवा किती स्वच्छ राहिली, याचा हिशेब योगेश सरांनी स्वतः मांडला. ट्रकाचं डिझेल त्यात धरायचं कारण नव्हतं. ट्रकाच्या दांड्यात ट्रॅकर नव्हता. गळतीच्या फोटोचीही दखल घेतली गेली. उत्तर आलं: गळती गंभीर आहे, गस्त दुप्पट करावी.

बाकीच्या पाच गस्त सहाय्यकांनी ही प्रगती पाहिली. त्यांच्याही वाड्यांत ट्रक उभे होते आणि फळीवर डबे होते. पंधरवड्यात पाचही बाईकचे पिस्टन बाहेर येऊन बसले. त्यासाठी शंभू खास जाऊन आला, कुठल्या स्क्रूतून किती घालायचं ते आता त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सरांना आधी संशय आला, पण सहाच्या सहा बाईकचे ब्रेक चोवीस तास लागलेले आहेत आणि एकाही बाईकला अपघात झालेला नाही, हे पाहिल्यावर त्यांनी परिपत्रक काढलं. यापुढे गस्तीची बाईक अवजड वाहनातूनच न्यावी. वाहन कक्ष भाड्याने घेईल. आणि गळती जिथे गंभीर आहे तिथे, म्हणजे खालच्या वाडीच्या बांधावर, सहाही बाईकनी पाळीपाळीने गस्त घालावी.

बंद खाणीचा रस्ता पुन्हा धडधडू लागला. वाडीत उत्साह आला. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर पूर्वीसारखे जास्तीचे उंडे टाकून जाऊ लागला. पुरुष माणसं वेळेवर दाढी करू लागली. आणि रोज सहा ट्रक, प्रत्येकात एकेक सायकल, त्या मातीच्या बांधावरून जायचे, टोकाला वळायचे आणि परत यायचे. सायली रोज पायथ्याशी उतरून बघायची. आधी बोटाएवढं झिरपणारं पाणी मनगटाएवढं झालं. वळणावर माथ्याला भेग पडली. बांधाला जे मारत होतं त्यालाच बांधाची राखण म्हणत होते. तिने तसं लिहून कळवलं, भेगेचा फोटोही जोडला. उत्तर त्याच दिवशी आलं: परिस्थिती अधिकच गंभीर, गस्त तिप्पट करावी.

तेव्हा तिने ठरवलं की बाईक चालती करायची. ती स्वतः चालायला लागली की ट्रकाचं कारणच उरणार नाही.

रविवारी ती पेडण्याला गेली. किनाऱ्याच्या बाजूला गौरेश नावाच्या माणसाचं माउंटन बाईकचं दुकान होतं, आणि रविवारी तिथे शौकिनांचा मेळा भरत असे. प्रत्येक जण मोटारीच्या टपावर सायकल बांधून आला होता. सायकली उतरल्या, भिंतीला टेकल्या, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो झाले. मग मंडळी अंगाला चिकटलेल्या कपड्यांत तास-दीड तास कॉफी पीत चढाच्या गप्पा मारत बसली, आणि सायकली पुन्हा टपावर गेल्या. सायलीला आधी नवल वाटलं. मग वाटलं, यांच्यात आणि आपल्यात फरक फक्त गाडीच्या आकाराचा.

गौरेश मात्र कामाचा माणूस होता आणि गिऱ्हाइकांना पुरता कंटाळलेला होता. ट्रकाचं तेल घातलं हे ऐकल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. मग नव्या रबरी कड्यांची पुडी, मिनरल ऑईलची बाटली आणि प्लॅस्टिकची एक पट्टी तिच्यापुढे ठेवली. स्क्रू ड्रायव्हर लावलास तर पिस्टन चिरेल, म्हणाला, आणि घाई केलीस तर पुन्हा इथे यावं लागेल, मला माणसं आवडत नाहीत.

सायलीने मांडवात गोणपाट अंथरलं आणि छेडछाडीला सुरुवात केली. चाक काढलं. ब्रेकच्या जबड्यातून पॅड काढले. लिव्हर दाबत दाबत पिस्टन पुरते बाहेर आणले, काळंतांबडं तेल वाटीत सांडू दिलं, फुगलेल्या कड्या नखाने उचकून काढल्या. नव्या तेलाने नळी धुतली, नव्या कड्या तेलात बुडवून बसवल्या, लिव्हरमधलीही बदलली, मागच्या ब्रेकचंही तसंच केलं. पिस्टन फडक्याने आरशासारखे पुसून पट्टीने सरळ आत ढकलले, नळीतली हवा काढली. मग खरं काम. उजव्याला पट्टीने दाबून धरायचं, लिव्हर हळूच ओढायची, डाव्याला एकट्याला थोडं बाहेर येऊ द्यायचं. पुसायचं. थेंबभर तेल लावायचं. आत ढकलायचं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. त्याच्या मागे कुणी नाही, त्यालाही काम करावंच लागेल, हे त्याला पटेपर्यंत. सतराशे साठ वेळा केल्यावर डावा पिस्टन लिव्हर सुटताच आपला आपण मागे गेला. सायलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नोकरीला लागल्यापासून तिने सांगितलेलं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाईकवर बसून गस्तीला गेली. उतारावर लिव्हर दाबली की चाक थांबे, सोडली की सुटे. मोठमोठ्याने गाणं म्हणत ती मळ्याच्या पायवाटेने घरी आली. घरी सगळी वाडी अंगणात बसली होती.

शंभूने सुरुवात केली. तिची बाईक चालते हे इतर पाच वाड्यांना कळलं तर त्यांच्याही चालाव्या लागतील. मग ट्रक कशाला? बाकीच्यांनी मान डोलावली. कुणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. फळीवर अजून थोडं तेल आहे, थेंबभर पुरेल, असंही कुणीतरी हळूच सुचवलं. सगळे गेल्यावर भिकाजी म्हणाला, "सायले, ट्रक उबो रवलो तेवा मी पण उबो रवलंय. तू ल्हान हुतंस, तुका आठवाचा नाय. आता खंय जरा चलाक लागलंय."

"बांध फुटतलो, बाबा. खाली आई आसता."

"इतकी वर्सां फुटाक नाय."

"इतकी वर्सां त्याच्यावरून ट्रक जायत नव्हते."

भिकाजीने फळीवरचा डबा उचलला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. तेल घातलं नाही आणि टाकूनही दिलं नाही.

प्रकरण योगेश सरांकडे गेलं. सायलीने बाईक चालवून दाखवली, कक्षाच्या आवारात तीन फेऱ्या मारल्या, ब्रेक लावला, सोडला. आता ट्रक थांबवा, ही बाईक गस्त घालील, म्हणाली. सर भारावून गेले. कक्षाच्या स्थापनेपासून पूर्ण चालू अवस्थेत असलेली ही पहिलीच वस्तू होती. आणि म्हणूनच, ते म्हणाले, ती चिखलात चालवून खराब करणं योग्य होणार नाही. तिला ट्रकातूनच न्यावं, आणि शक्य तर गादीवर ठेवून. येत्या शुक्रवारी हरित गस्त सप्ताहाचा समारोप आहे, पाहुणे येतील, तो आपण बांधावरच करू. पाठीमागे लाल तळं, हिरवा डोंगर, पुढे सहा सायकली. फोटो असा येईल की बघत राहावं. सायलीने बांधाची भेग सांगितली. सर म्हणाले, ती फोटोत येणार नाही.

शुक्रवारी सहा ट्रक बांधावर रांगेत उभे राहिले. सायकलींना हिरव्या फिती आणि फुलं. वाडीतली बहुतेक माणसं वर आली होती. मालती आली नव्हती. लावणी अर्धी पडलीय, फोटो काढून भात उगवत नाही, म्हणून ती एकटीच मळ्यात वाकली होती. तिचा फोन घरी देवापुढे चार्जिंगला. फोटो झाला. पाहुण्यांचं भाषण झालं. मग ट्रक वळायला लागले, आणि शेवटचा ट्रक टोकाला वळून पुढे आला न आला तोच त्याच्यामागची भेग उघडली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. बांधाचं टोक ओल्या बिस्किटासारखं खाली बसलं आणि लाल पाणी मळ्याच्या दिशेने निघालं.

सगळे पळाले ते वर डोंगराकडे. भिकाजी मात्र ट्रकातून उडी मारून मागच्या पेटीवर चढला. मळ्यात ट्रक जात नाही, पायवाट जाते. कोयतीने त्याने दोऱ्या तोडल्या, गादीवरची बाईक फितींसकट उचलून खाली सायलीच्या हातात दिली. "जा गो," एवढंच तो म्हणाला.

सायली सुटली. वळणाला दाबायची, सरळला सोडायची. दाबायची, सोडायची. पिस्टन जात होते, परत येत होते. पाणी शेताशेताच्या बुटक्या मेरांवर अडखळत, पसरत येत होतं, आणि ती त्याच्या थोडीशी पुढे मळ्यात पोचली. आईला तिने दंडाला धरून ओढलं. मालती हातातली रोपांची जुडी सोडायला तयार नव्हती. दोघी बाजूच्या चढावर पोचल्या तेव्हा खाली त्यांचं शेत होतं त्या जागी लाल चिखल हलत होता, आणि थोड्या वेळाने तो हलायचाही थांबला. मालतीने जुडीकडे पाहिलं. आता ही खंय लावू, असं तिने विचारलं आणि मग ती मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. मळ्यातला चिखल काढायला ट्रक लागणार होते, ते वाडीतच होते. भिकाजी आता रोज स्वतःच्याच शेताची माती उचलून दूर टाकून येतो. सायलीला कारणे दाखवा नोटीस आली. चालू अवस्थेतली बाईक वाहनाबाहेर काढून पाण्याच्या दिशेने नेल्याबद्दल, आणि वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल. ट्रॅकरवर दोन्ही स्वच्छ दिसत होतं. चौकशी समिती बसली, तिने बांधाची माती तपासली, पावसाचे आकडे तपासले. पिस्टनबद्दल कुणी विचारलं नाही.

फोटो मात्र खरंच सुंदर आला. कक्षाने तो त्याच संध्याकाळी फेसबुकवर टाकला. लाल तळं, हिरवा डोंगर, फिती बांधलेल्या सहा सायकली. हजारो लोकांना आवडला. नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात, सायकलीच्या चाकाच्या मागे, भेग दिसते. सर म्हणाले होते तशी अगदीच दिसत नाही असं नाही. तुम्हीही तो पाहिला होता. अंगठा दाबून पुढे गेलात, बहुधा चहा पीत होता. आता तुम्ही म्हणाल, आम्हांला काय ठाऊक, आम्ही तर फक्त सायकली बघितल्या. बरोबर आहे. योगेश सरांनीही समितीपुढे शब्दशः हेच सांगितलं, आणि समितीने ते मान्य केलं.